रविवारचा आवाज

४ फेब्रुवारी

धाकटे,

सगळ्यांत आधी आली ती समोरची शिंपीणबाई, गळ्यात मोजायची पट्टी तशीच आणि हातात कुणाची तरी अर्धी शिवलेली बाही. म्हणे, आजी, तुमच्या दारात एवढ्या गाड्या कशाला थांबल्यात? मी म्हटलं, मला काय ठाऊक बाई, मी आत्ता केस विंचरत होते. तेवढ्यात तिच्या मागून पक्षाचा अध्यक्ष शिरला, तोच तो जाडा, ज्याने मागच्या निवडणुकीत आपली वेताची खुर्ची मोडली होती. या खेपेला न सांगता स्टुलावर बसला, शहाणा झालाय. मग एक वकील, इतका बारीक की कोटच चालत आलाय असं वाटावं. आणि शेवटी टीव्हीवाली एक मुलगी. तिच्या टाचा बघून मी आधी हेच म्हटलं, पोरी, आमच्या जिन्याची तिसरी पायरी हलते, जपून. तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला कळेना मी काय वावगं बोलले.

तुझे कान गेल्यापासून तुला फोन करून उपयोग नाही, म्हणून बोटं दुखेपर्यंत लिहिते. लिहायला तूच शिकवलंस, तेव्हा चुका झाल्या तर त्या तुझ्या.

तर मंडळी आली होती त्या टेपसाठी. तुझ्या सुनेने सांगितलंच असेल. मुलींच्या वसतिगृहाचा नवा जिना कोसळला आणि एक पोर गेली. फार वाईट झालं. आता त्या इंजिनिअरने फोनवरचं एक बोलणं बाहेर काढलंय. आमचा थोरला म्हणे त्याला दम देतोय, "जिना पास करून टाक, पोरी काय त्याच्यावर नाचणार आहेत का?" तेवढं एकच वाक्य सगळीकडे. केस कापायच्या दुकानातसुद्धा तेच. सरकारी तपासणीत म्हणे आवाज कुणाचा ते नक्की सांगता येत नाही असं आलंय. म्हणून वकिलाच्या डोक्यात आलं, आईला विचारू. आईपेक्षा आणखी कुणाला कळणार?

त्याने मोबाइल माझ्या कानाशी धरला. अगं, दुसऱ्याच वाक्याला मी हसले. म्हटलं, हा माझा मुलगा नव्हे. हा माणूस समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. मध्येच "हां, हां, पुढे बोल". माझा थोरला असा नाहीच. आमदार व्हायच्या आधी गल्लीतल्या नळासाठी नगरपालिकेच्या पायऱ्यांवर दिवस दिवस बसायचा तो. पहिल्या निवडणुकीत पडला तेव्हा ज्यांनी मत दिलं नाही त्यांच्याही घरी जाऊन आला. मग निवडून आला, पुन्हा आला, मंत्री झाला, मध्ये दोनदा पक्ष बदलला त्याचं मला काही कळत नाही, पण रविवारचा फोन चुकला नाही. सकाळी बरोबर माझं दात घासून झालं की घंटा. "आई, डोळ्यात थेंब टाकलेस का? मांजरीची पिल्लं कशी आहेत?" मी अर्धा तास बोलते, तो ऐकतो. मध्येच हळू हसतो. असं ऐकणारा माणूस कुणाला दम देईल का, तूच सांग.

हे सगळं त्या मुलीने टिपून घेतलं. मग अध्यक्षाने विचारलं, साहेबांचा आवाज हुबेहूब काढणारं कुणी आहे का हो? मला तर कौतुकच. म्हटलं, आहे की आमचा नकल्या. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, थोरल्याचा सेक्रेटरी. लहानपणी आमच्या सासऱ्यांचा खोकला असा काढायचा की सासूबाई पाणी घेऊन धावायच्या. आता साहेबांचे निम्मे फोन तोच घेतो, साहेबांच्याच आवाजात, आणि लोकांना पत्ता लागत नाही. लोकांना काय कळतंय. आईला कळतं.

सगळे इतके खूश झाले की अध्यक्षाने माझा हात हातात घेतला. वकिलाने नकल्याचं नाव दोनदा लिहून घेतलं. टीव्हीवर येईल बघ तुझा मुलगा.

तुझी ताई


११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र यायच्या आधीच तुझं बोलणं कळलं. सुनेने टीव्हीच्या खालच्या पट्टीवरची अक्षरं मला दाखवली. "आईने सांगितलं, आवाज मुलाचा नाही." त्याच संध्याकाळी पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. तो जेवत होता. हात धुऊ दिले, एवढं चांगलं.

थोरल्याने पत्रक काढलंय की माझ्या सेक्रेटरीने माझ्या आवाजाचा गैरवापर केला आणि मला अतीव दुःख झालं. ते पत्रकही माझ्याच मुलाने लिहिल्यासारखं वाटतं. त्याची सगळी पत्रकं तोच लिहायचा.

मी तुझ्याशी भांडायला बसलेली नाही. तुला मुद्दाम करता आलं नसतं, हे मला ठाऊक आहे. फक्त एवढंच सांग, की माझं वय झालंय, नक्की सांगता येत नाही. तेवढंच. त्याला सोडायला तेवढंही पुरेल, असं इथले वकील म्हणतात.

आणि एक विचारते, उगाच. थोरला तुझ्या घरी शेवटचा कधी आला होता? फोन नव्हे. घरी.

धाकटी


१८ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र वाचून जरा लागलं मनाला. मी खोटं का बोलू, की मला सांगता येत नाही? सांगता येतं. माझे कान अजून असे आहेत की शेजारचा कुकर माझ्या आधी शेजारणीला ऐकू येत नाही. पण नकल्याला धरलं ते ऐकून तोंडचं पाणीच पळालं. लबाडी केली असेल तर चेष्टेतच केली असेल. त्याला आवरत नाही ना आवाज काढल्याशिवाय.

आणि तू विचारलंस ना थोरला घरी कधी आला, तर बघ, तोंडात साखर पडो तुझ्या. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. चार गाड्या, सगळी गल्ली बाहेर. शिंपीणबाईने मशिन बंद करून पोरांना खांद्यावर घेतलं. आत आला, माझ्या शेजारी बसला, खांद्यावर हात टाकला, फोटोवाल्यांनी फोटो काढले. किती वर्षांनी असा जवळ बसला ते माझ्यानं आठवेना. अत्तराचा वास चांगला होता.

आवाज मात्र बसलाय त्याचा. जाडा झालाय, तुटक. गाडीतल्या थंड हवेने असेल, मी म्हटलं गरम पाणी घे. तर म्हणे, "हां, हां, ते बघतो." मग मी मांजरीची पिल्लं दाखवायला नेणार तर म्हणे, कुठली मांजर? पंधरा दिवसांपूर्वी त्यानेच तिला काय झालं ते विचारलं होतं फोनवर. आणि आता भेटीत डोळ्याला काय झालंय तेही विचारलं. अगं, ऑपरेशन झालं तेव्हा रोज फोन केला होता त्याने. पण किती लोकांची दुखणी लक्षात ठेवील तो. गावभर डोळे आहेत.

नात गाडीतच बसून होती. त्याचीच मुलगी, पण आत आली नाही. मी खिडकीशी गेले तर म्हणाली, "आजी, तुम्ही खरंच नीट ऐकलंत का ती टेप?" मी म्हटलं, आधी आत ये, काहीतरी खा. नाही आली. बापाशी बोलत नाही म्हणे. आजकालच्या मुली, कशावरून रुसतील.

जाताना थोरला तुझ्यासाठी निरोप देऊन गेला, तो सांगते म्हणजे तुझा जीव थाऱ्यावर येईल. "मावशीला सांग, काळजी करू नकोस. त्याने कबुलीजबाबावर गुमान सही करावी. थोडे दिवस आत राहील, मग बाहेर काढू, चांगल्या जागेवर बसवू." बघ, विसरला नाही तो तुम्हाला. पुढच्या महिन्यात मला मॅजिस्ट्रेटसमोर जबाब द्यायला नेणार आहेत. तेच सांग म्हणाला जे टीव्हीवर सांगितलंस.

या रविवारी मात्र फोन आला नाही. त्याच्या आदल्या रविवारीही नाही. धावपळीत असेल.

ताई


२५ फेब्रुवारी

ताई,

त्याला भेटून आले. जाळीच्या पलीकडे तो आणि अलीकडे मी. तिथे सगळे एकदम ओरडत असतात म्हणे, मला त्याचा त्रास नाही. मी त्याचे ओठ वाचते. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, "मावशीला कळू देऊ नकोस." मी हो म्हणून आले. आणि आता सांगते आहे. मला माझा मुलगा पाहिजे.

ताई, थोरला तुला फोन करत नव्हता. कधीपासून सांगू? तो मंत्री झाला तेव्हापासून. पहिल्या रविवारी तुझा फोन आला आणि थोरल्याने नकल्याला हाताने खूण केली, तूच बघ. नकल्याने सांगितलं साहेब बैठकीत आहेत. तू म्हणे रडलीस. पुढच्या रविवारी त्याने स्वतःच फोन लावला आणि थोरल्याच्या आवाजात "आई" म्हणाला. एकदाच करणार होता. तू इतकी आनंदलीस की त्याला थांबता येईना.

तुला खोटं वाटेल म्हणून सांगते. तुझ्या मांजरीचं एक पिल्लू टाकीत पडलं ते तू मला कधी लिहिलं नाहीस. तुझे दात काढले तेव्हा डॉक्टरने चुकीच्या बाजूचा धरला होता, तेही नाही लिहिलंस. आणि एकदा तू "थोरल्याला" सांगितलंस, की तो नकल्या मनाने चांगला आहे पण पाणी कमी आहे त्याच्यात, त्याला पुढे आणू नकोस, फोनवरच बसव. हेही तू मला लिहिलं नाहीस. तो हसत हसत घरी आला आणि पाटीवर लिहून मला दाखवलं. मलाही तेव्हा हसूच आलं.

टेपमधला आवाज तुला अनोळखी वाटला, कारण तो खरा थोरल्याचा आहे. तुझ्या ओळखीचा आवाज माझ्या मुलाचा. त्याने इतक्या मायेने तुझा मुलगा करून दाखवला की तू त्यालाच तुरुंगात घातलंस.

आणखी एक लिहिते, मग थांबते. मी त्याचा आवाज शेवटचा ऐकला तेव्हा त्याला मिशी फुटत होती. त्यानंतर माझे कान गेले. त्याचा मोठेपणचा आवाज कसा आहे हे मला माहीत नाही. तू तो दर रविवारी ऐकत होतीस, आणि तुला वाटत होतं तुझा मुलगा बोलतोय.

धाकटी


२८ फेब्रुवारी

तुझं पत्र पोचलं. मुलाला सोडवायला माणूस काय वाटेल ते लिहितो. पण माझ्या मुलाला माझ्यापासून तोडून तुझा मुलगा सुटत असेल तर तसला सोडवू नकोस. लहानपणापासून तुला माझ्या ताटातलंच मोठं दिसलं. यापुढे पत्र पाठवू नकोस. आलं तर फोडणार नाही.


१७ मार्च

धाकटे,

आधी हे सांगते की तू मध्ये पाठवलेलं पत्र मी फोडलं नव्हतं. मग फोडलं. आत नुसतं "बरी आहेस ना" एवढंच होतं. ते वाचून मी दिवसभर काही केलं नाही, पिल्लांना दूधही नाही.

रविवारी मी स्वतः फोन लावला. दात घासले, खुर्ची ओढली, लावला. कुणी तरी नवाच माणूस, साहेब बैठकीत आहेत. मी म्हटलं, बैठकीत असू दे, सांग आई मरायला टेकलीये. मग आला. "आई, काय झालंय, पटकन बोल." मी म्हटलं काही नाही रे, सहज. तर म्हणे, "सहज? हां, हां, बरं. दुसरं काही?" मी विचारलं, डोळ्यात कुठले थेंब घालते मी, सांग बरं. तो म्हणाला, "ते डॉक्टरला विचार ना, मला काय विचारतेस," आणि ठेवला.

तोच आवाज होता, धाकटे. टेपमधलाच. ते "हां, हां" अगदी तेच होतं. लहानपणी तापात असाच चिडायचा, ते तेव्हा आठवलं. म्हणजे आवाज माझ्या ओळखीचा होताच. त्याच्यावर दुसऱ्या आवाजाची मऊ गादी अंथरली होती तुझ्या पोराने, आणि मी आपली त्यावर आरामात बसून होते. मी त्याला काय काय सांगितलं असेल फोनवर. त्याचीच निंदा, तुझी, तुझ्या सुनेच्या स्वयंपाकाची. आणि तो पुढच्या रविवारी पुन्हा विचारायचा, आई, थेंब टाकलेस का.

मी रडले का ते विचारू नकोस.

मग मंगळवारी वकील आला, जबाब पाठ करून घ्यायला. मला म्हणतो, आजी, मॅजिस्ट्रेटने विचारलं की काय सांगायचं? मी म्हटलं, खरं सांगायचं. हा आवाज माझ्या थोरल्याचा आहे. तो म्हणे, आजी, थट्टा करता. म्हटलं, तुमच्याशी कशाला थट्टा करू, ओळख तेवढी कुठे आहे. त्याने टेप पुन्हा लावली. मी म्हटलं, लावा, अजून लावा, तोच आहे, आधी मी दुसऱ्याच कुणाला मुलगा समजत होते. एवढं ऐकल्यावर त्याने फोन काढून थोरल्याला लावला. त्याला मोठ्याने ऐकायची सवय आहे, बाहेर सगळं ऐकू येतं. थोरला म्हणाला, "तिला काय समजतंय? कान गेलेत तिचे. तसं लिहून घे."

गेल्या महिन्यात हेच कान सोन्याचे होते, धाकटे.

आज आले सगळे. अध्यक्ष, वकील आणि एक कानाचा डॉक्टर, तरुण, सज्जन, पेटी घेऊन. मला ते यंत्र आवडलं, खोटं का बोलू. कानांवर गोळे लावतात, आत बारीक टी-टी वाजतं, वाजलं की बटण दाबायचं. मी प्रत्येक वेळी दाबलं. शिंपीणबाई दारात उभी होती, ती म्हणाली, अगदी मुंगीचंसुद्धा ऐकतील आमच्या आजी. डॉक्टरही हसला, म्हणाला, आजी, माझ्या आईपेक्षा बरे आहेत कान. मग अध्यक्षाने त्याला बाहेर नेलं, जिन्याच्या तोंडाशी. परत आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं नाही. वकिलाच्या कानाशी लागून म्हणाला, वयाच्या मानाने दोन्ही बाजू निकामी, असं देता येईल.

मी म्हटलं, डॉक्टर, हे तुम्ही अगदी हळू बोललात आणि मला ऐकू आलं.

त्याच्या हातातली वायर खाली पडली. अध्यक्ष मात्र हसला, स्टुलावरून उठून माझ्याजवळ आला आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "आई, पोटचा मुलगा आहे तुमचा. तिकडे तुमच्या बहिणीच्या मुलाला काय, थोडे दिवस. इकडे साहेबांचं सगळं आयुष्य. नळापासून इथवर आले ते. एका पोरीच्या पायी घालवणार का?" मी विचारलं, ती पोर जिन्यावर काय करत होती हो, नाचत होती का? तर त्याला माहीत नव्हतं. मला पेपरात वाचायला शिंपीणबाईच्या लेकीने मदत केली होती. बादली घेऊन खाली पाण्याला चालली होती ती. वसतिगृहात वर पाणी येत नाही.

थोरला असल्याच नळासाठी पायऱ्यांवर बसायचा, हे मी अध्यक्षाला सांगितलं नाही. सांगून काय करायचं होतं.

धाकटे, तो माझा मुलगा आहे. त्याने तुझ्या मुलाला घातलं तिथे आता मीच त्याला घालणार. कुणी विचारलं तर हे सोपं होतं म्हणू नकोस. त्याला लहानपणी अंधारात झोप लागायची नाही. तिथे दिवा ठेवतात का, ते नकल्याला विचारून ठेव. आणि नकल्याला म्हणावं, मी त्याच्याबद्दल जे बोलले ते त्यालाच बोलले, एवढं बरं झालं. बाहेर आला की एकदा फोन कर म्हणावं, स्वतःच्या आवाजात. तो कसा बोलतो ते मला आठवतच नाही. कळलं की तुला लिहीन, जसाच्या तसा, हळू का भरभर, हसतो तर कसा, सगळं. तुला निदान वाचता येईल.

आता कामाचं. मी मान हलवली आहे, सगळ्यांना चहा दिला आहे, अध्यक्षाने दोन कप घेतले. त्यांना वाटतंय म्हातारी वळली. नात शिकते तिथून येते आहे, तिला मी सगळं सांगितलं. ती कोर्टात कुणाकडे जायचं ते शोधून ठेवणार आहे. तू सोमवारी निघ आणि सुनेला बरोबर आण, तुझ्या जागी ऐकायला कुणी तरी हवं. एक ठार बहिरी आणि एक वकिलाने केलेली बहिरी, दोघी मॅजिस्ट्रेटसमोर उभ्या राहिलेल्या बघून हसतील लोक. हसू देत. आपण बुधवारी सकाळीच जाऊ.

उशीर करू नकोस. कानाचा कागद आणि गाडी घेऊन ती मंडळी गुरुवारी येतो म्हणाली आहेत.

ताई